ऋणनिर्देशाचे पान

नवे पुस्तक हाती आले की कोणी मलपृष्ठ वाचतो, कोणी अनुक्रमणिका चाळतो, तर कोणी किंमत पाहून ते मुकाट्याने जागेवर ठेवतो. मला आधी ऋणनिर्देश वाचण्याची खोड आहे. महाराष्ट्राविषयी परदेशी अभ्यासकांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांच्या बाबतीत तर ही खोड व्यसनाच्या पातळीला गेली आहे. पुस्तकाचा विषय खंडोबा असो, महानुभाव असोत, पेशवाईतील न्यायव्यवस्था असो की नद्यांची दैवते असोत, त्या दोन-तीन पानांत सदाशिव पेठ, डेक्कन जिमखाना, फलटण, म्हसवड, पैठण अशी गावे आणि त्या गावांतली माणसे दाटीवाटीने उभी असतात. पुस्तकाच्या उरलेल्या तीनशे पानांत त्यांच्यापैकी फार थोडे पुन्हा भेटतात.

या पानाला एक ठरलेला क्रम असतो. प्रथम ज्यांनी पैसे दिले ती प्रतिष्ठाने, मग मार्गदर्शक प्राध्यापक, मग ग्रंथालये, मग पुण्यातले पंडित, मग 'ज्यांनी मला आपल्या घरात आणि आयुष्यात जागा दिली' ते ग्रामस्थ, आणि सर्वांत शेवटी जोडीदार. रोज सकाळी पोहे करून घालणाऱ्या काकूंचे नाव बहुधा 'अमुक कुटुंबीय' या दोन शब्दांत विरघळलेले असते. मी हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत तर ऋणनिर्देशाचे पान म्हणजे विभागप्रमुखांना घातलेला दंडवत असतो आणि गाणाऱ्या म्हातारीला 'निवेदक क्रमांक सात' असे नाव पडते. त्या मानाने परदेशी अभ्यासकांचे पान पुष्कळ उदार म्हटले पाहिजे. पण दोन देशांतली विद्यापीठे एकत्र काम करतात म्हणजे नेमके काय होते, कोण देतो आणि कोण घेतो, हे कळायला सामंजस्य कराराच्या मसुद्यापेक्षा हे पान अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

मी स्वतः अशा एका पानावर आहे. १९८१ साली मी एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पैशांची चणचण होती. युरोपातल्या एका विद्यापीठातून आलेल्या एका संशोधक बाईंना ध्वनिफिती उतरवून देणारा मुलगा हवा होता. मी माणदेशातला, धनगरांच्या वाड्यांशेजारी वाढलेला, त्यामुळे निवड झाली. तासाच्या ध्वनिफितीला ठरावीक रक्कम असा हिशेब होता. एक तासाची ओवी उतरवायला पंधरा-सोळा तास लागतात हे बाईंनाही ठाऊक नव्हते आणि मलाही. टेप अडकली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची, पुन्हा मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. ढोलाचा ठोका नेमका शब्दावर पडला की तो शब्द गेलाच. मग शनिवारी एस. टी. पकडून गावी जायचे आणि गाणाऱ्या तात्यांनाच विचारायचे. तात्या हसायचे. एकटा शब्द त्यांना सांगताच येत नसे. त्यासाठी ते सुंबरान मांडून ओवी पहिल्यापासून म्हणायला लागत आणि तो शब्द येईपर्यंत संध्याकाळ होई. शिवाय या खेपेला तिथे दुसराच शब्द येई, ही आणखी पंचाईत.

बाईंशी माझा एकदा मोठा वाद झाला तो 'भाकणूक' या शब्दावरून. जत्रेत अंगात आलेला पुजारी पुढच्या वर्षाचे पाऊसपाणी, धान्याचे भाव, रोगराई, राज्यकारभार यांविषयी जे सांगतो ती भाकणूक. बाईंनी त्याला भविष्यकथन या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला होता. माझे म्हणणे असे, की भाकणे म्हणजे नुसते सांगणे नव्हे. त्यात भाक आहे, म्हणजे वचन आहे, करुणा भाकण्यातली याचना आहे आणि भाकितही आहे. पुजारी बोलतो तेव्हा देव बांधला जातो आणि ऐकणाराही बांधला जातो. भविष्य सांगणारा ज्योतिषी असा कशानेही बांधला जात नाही. तीन दिवस आम्ही या एका शब्दावर घालवले. बाईंनी मोल्सवर्थ काढला, मी आईला विचारले. अखेर त्यांनी मूळ शब्द तसाच ठेवून तळटीप दिली. त्या तळटिपेत माझा युक्तिवाद जवळजवळ माझ्याच शब्दांत आहे. माझे नाव मात्र ऋणनिर्देशात, अकरा नावांच्या एका ओळीत, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होऊन आलेले आहे.

त्या वेळी मला त्याचे काहीच वाटले नाही. उलट पुस्तक पोस्टाने आले तेव्हा आईने ते देव्हाऱ्यापाशी ठेवले होते. आणि मिळाले काय म्हणाल तर पुष्कळ मिळाले. ऐकलेली गोष्ट कागदावर कशी उतरवायची, पाठभेद का जपायचा, गाणाऱ्याने केलेली 'चूक' दुरुस्त का करायची नाही, हे मला विद्यापीठाच्या वर्गात कोणी शिकवले नव्हते. तिथे आम्ही ज्ञानेश्वरीतल्या अलंकारांची मोजदाद करीत होतो. बाईंनी ते शिकवले, तेही शिकवण्याचा आव न आणता. देवाणघेवाण खरी होती. ती कोणत्या हिशेबाने लिहिली गेली हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला.

हा प्रश्न पडण्याचे एक कारण भांडारकर संस्थेच्या महाभारताचा इतिहास. तो वाचताना या साऱ्या व्यवहाराची एक वेगळीच रीत दिसते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही कल्पना मुळात युरोपातली. मोरिझ विंटरनिट्झ यांनी ती १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. पुढे युरोपातल्या अकादमींच्या संघाने काम अंगावर घेतले आणि हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पाने छापूनही दाखवली. मग पहिले महायुद्ध आले आणि ज्या अकादमींनी एकत्र बसून व्यासांचा पाठ ठरवायचा, त्यांचे देश एकमेकांवर तोफा डागू लागले. काम थांबले. १९१९ साली ते पुण्यात नव्याने सुरू झाले. त्यासाठी लाख रुपयांचे पहिले मोठे आश्वासन दिले ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाला सचित्र महाभारत हवे होते. त्याच्या पदरात पडली ती पाठभेदांनी खच्चून भरलेली पाने, अर्थात चित्रांसह.

१९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला आकार आला. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले आणि मग बर्लिनला त्याच ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात घडलेले. पाठचिकित्सेची जर्मन रीत त्यांनी आत्मसात केली होती. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी तयार झालेल्या त्या रीतीचे गृहीतक असे, की एका मूळ प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी वंशावळ लावीत मागे गेले की मूळ पाठ सापडतो. महाभारताच्या पोथ्या या वंशावळीत बसेनात. शारदा, ग्रंथ, मल्याळी, तेलुगू, बंगाली, मैथिली, नेवारी, देवनागरी अशा लिप्यांतल्या बाराशेहून अधिक पोथ्या, आणि प्रत्येक पोथीने शेजारणीकडून उसनवारी केलेली. कथा सांगणारा एका पोथीवर कधी विसंबला नव्हता. तेव्हा सुखटणकरांनी ती रीत फेकून दिली नाही आणि जशीच्या तशी वापरलीही नाही. मूळ महाभारत सापडेल हा दावा सोडून, उपलब्ध पोथ्यांवरून जास्तीत जास्त मागे जाता येईल तितके जायचे, असे त्यांनी ठरवले आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्याची सविस्तर मांडणी केली. पाठचिकित्सा करणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांना ती प्रस्तावना वाचावी लागली. जी रीत बर्लिनहून पुण्याला आली ती पुण्याहून परत जाताना वेगळी होऊन गेली. विद्यापीठांच्या सहकार्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला आठवत नाही.

या प्रकल्पात काम वाटलेले होते. पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याची केंद्रे पुण्याबाहेर शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही होती. उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादले. सभापर्व येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादले आणि ते १९४४ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असताना, प्रसिद्ध झाले. मला इथे थांबावेसे वाटते. अमेरिकेतला एक नामांकित प्राध्यापक पुण्यातल्या संस्थेने आखलेल्या नियमांप्रमाणे, पुण्याच्या प्रमुख संपादकाच्या देखरेखीखाली काम करतो आणि त्याचे नाव त्याच्या पर्वापुरते, इतर संपादकांच्या पंक्तीत येते. पाहुणा आहे म्हणून चौरंग नाही आणि परका आहे म्हणून ओसरीही नाही. सुखटणकर १९४३ साली गेले. पुढे हार्वर्डला शिकून आलेले श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी काम चालवले आणि १९६६ साली ते संपले. सत्तेचाळीस वर्षे! आज कोणत्याही विद्यापीठाच्या 'आंतरराष्ट्रीय संबंध कक्षा'त जाऊन सत्तेचाळीस वर्षांचा प्रकल्प सुचवून पाहावा.

स्वातंत्र्यानंतर वारा बदलला. १९५४ च्या सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे मोठे काम उभे राहिले. परदेशी भाषावैज्ञानिक पुण्यात उन्हाळी वर्ग घेऊ लागले आणि इकडची तरुण मंडळी तिकडे जाऊ लागली. अशोक केळकरांनी कॉर्नेलला मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहिला तो १९५८ सालचा. १९६१ साली अमेरिकन विद्यापीठांनी मिळून 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' काढली आणि तिचे पहिले भारतीय मुख्यालय डेक्कन कॉलेजच्याच आवारात होते. आणि याच काळात पी. एल. ४८० अवतरले.

माझ्या पिढीला पी. एल. ४८० म्हटले की रेशनच्या दुकानातला तांबडा गहू आठवतो. त्याच्या पोळ्या वातड होत आणि त्या गव्हाबरोबरच गाजर गवत आले असे घरोघरी छातीठोकपणे सांगितले जाई. पण या कायद्याची दुसरी बाजू आमच्या रांगेत कोणालाच ठाऊक नव्हती. गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकती करी आणि ते रुपये भारतातच साचत. १९५८ साली अमेरिकन काँग्रेसने कायद्यात अशी तरतूद केली, की या परकीय चलनातून तिथल्या ग्रंथालयांसाठी पुस्तके घेता यावीत. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके घाऊक प्रमाणात विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवू लागले. मराठीही त्यात होती. कादंबऱ्या, कवितासंग्रह, संतवाङ्मय, स्मरणिका, दिवाळी अंक, सारे काही. इकडे जिल्हा ग्रंथालयात वाळवीने खाल्लेले पुस्तक शिकागोच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात शाबूत सापडते त्याचे इंगित हे आहे. म्हणजे आमच्या घरच्या वातड पोळीतून एक-दोन पुस्तकांची किंमत निघाली असणार. साठत गेलेल्या या रुपयांपैकी सोळाशे चौसष्ट कोटींचा धनादेश १९७४ साली अमेरिकन राजदूतांनी भारत सरकारला परत केला तो इतिहास प्रसिद्धच आहे.

त्या पुस्तकांनी अभ्यासक घडवले हे खरे. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावरचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १९६९ साली सादर केला. तेव्हा आपल्या विद्यापीठांतले इतिहास विभाग पेशव्यांच्या स्वाऱ्यांत रमलेले होते. आपल्या अंगणातला विषय पाहुणीला आधी दिसला याची लाज वाटून घ्यायची की आनंद मानायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. जाई निंबकरांसह त्यांनी मराठी शिकवणारी पुस्तके लिहिली, भारताचे नागरिकत्व घेतले आणि मुलांना वाचायला कसे शिकवावे या, विद्यापीठांना क्षुल्लक वाटणाऱ्या, प्रश्नात आयुष्य घातले. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या मागे माळरानांवर फिरले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचे त्यांचे जर्मन पुस्तक १९७६ चे. त्याचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस यांनी केले आणि ते १९८९ साली निघाले. वीरगळांवरचा ग्रंथ सोन्थायमर यांनी धारवाडच्या शे. सेट्टर यांच्यासह १९८२ साली संपादला. जर्मन माणूस, कानडी माणूस, मराठी दगड आणि इंग्रजी भाषा, असा तो मेळ होता.

आणि मग शं. गो. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश. मला या ग्रंथाविषयी विशेष ममता आहे. तुळपुळे जुन्या मराठीचे, कोरीव लेखांचे आणि महानुभावांच्या गद्याचे जाणकार. फेल्डहाउस ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या, वयाने पुष्कळ लहान. यादवकालीन गद्यातला शब्द घ्यायचा, त्याची अवतरणे लावायची, त्याचा इंग्रजी अर्थ ठरवायचा, हे काम वर्षानुवर्षे चालले. तुळपुळे १९९४ साली गेले. कोश १९९९ साली आला आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावे आहेत, तुळपुळ्यांचे आधी. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा कोश उघडला असेल, ही शंका मी मनातच ठेवतो.

या सगळ्यात ऋणनिर्देशाचे पान निरुपद्रवी होते. २००४ साली ते तसे राहिले नाही. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक २००३ साली निघाले. त्यातील एका मजकुरावरून संताप उसळला आणि नोव्हेंबरात प्रकाशकांनी ते भारतातून मागे घेतले. पण पुस्तकाच्या आरंभी ज्यांचे आभार मानले होते ती पुण्यातली नावे छापून गेलेली होती. डिसेंबरात एका ज्येष्ठ संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेत घुसून पोथ्या, ग्रंथ, कपाटे यांची मोडतोड केली. सुखटणकरांनी ज्या इमारतीत काम केले तीच ही इमारत. लेखक अमेरिकेत होता, प्रकाशक दूर होता. हाताला लागण्यासारखे होते ते ऋणनिर्देशातले लोक आणि ऋणनिर्देशातली वास्तू. ज्यांनी ग्रंथालयात पुस्तक काढून दिले, एखाद्या शब्दाचा अर्थ सांगितला, त्यांना पुस्तकाच्या मजकुराचे धनी ठरवण्यात आले. पुस्तकावरची बंदी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उठली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

लेखकाने ऐकीव कुजबुज ज्या हलगर्जीपणाने छापली तिचे समर्थन मी करणार नाही. इथे राहणाऱ्या माणसाने ते वाक्य लिहिण्यापूर्वी दहा वेळा विचार केला असता, आणि तो केवळ भीतीपोटी नव्हे. परक्या गावी गेलेला अभ्यासक परत जाऊ शकतो. त्याला ज्याने घरी जेवू घातले तो तिथेच राहतो. या साध्या गोष्टीचा विचार कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात २००४ पूर्वी मला दिसला नव्हता. पण पोथ्या फाडणाऱ्यांचे काय? त्यांनी ज्या परंपरेच्या रक्षणाचा पुकारा केला, तिचीच कागदपत्रे त्यांच्या पायांखाली होती.

त्यानंतरची काही वर्षे मी बारकाईने पाहिली आहेत. ऋणनिर्देशाची पाने आखडली. माझ्या परिचयातल्या एका जुन्या अभ्यासकांनी परदेशी मित्राला पत्र लिहून कळवले, की मदत हवी तेवढी घ्या पण नाव छापू नका. पन्नास वर्षे जे नाव छापून यावे म्हणून माणसे मनातल्या मनात खुष होत, ते आता वगळावे म्हणून विनंती होऊ लागली. यात नुकसान कोणाचे झाले? पुढच्या पिढीतल्या वाचकाला ते पुस्तक वाचताना असे वाटणार, की एक परदेशी माणूस विमानातून उतरला आणि त्याला सगळे आपोआप कळले.

दरम्यान सहकार्याला सरकारी मान्यता मिळाली. 'नॅक'च्या मूल्यांकनात सामंजस्य करारांना गुण असतात, तेव्हा करारांचे पीक आले. एका महाविद्यालयातल्या अशा समारंभाला मी हजर होतो. शाल, श्रीफळ, दोन झेंडे, दोन फायली आणि फायलींची अदलाबदल करताना छायाचित्रकाराकडे पाहणारे दोन चेहरे. पुढे त्या करारान्वये काय झाले याची मी वर्षभराने चौकशी केली. करार चालू असून मुदतवाढीची कार्यवाही सुरू आहे, असे उत्तर मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम केले. २०२३ साली परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी झाली. गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत दोन ऑस्ट्रेलियन विद्यापीठे आली आणि २०२५ साली नवी मुंबईसाठी पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. मुलांना घराजवळ चांगले शिक्षण मिळाले तर ते मला हवेच आहे. दरवर्षी कर्ज काढून परदेशी जाणाऱ्या मुलांचे आईबाप मी पाहतो. पण या व्यवहारात तिकडून पदवी येणार आणि इकडून शुल्क जाणार. एजर्टन पुण्याच्या नियमांनी काम करीत होता. नवी मुंबईत येणाऱ्या विद्यापीठाला पुण्याकडून, फलटणकडून किंवा म्हसवडकडून शिकण्यासारखे काही आहे असे त्याला कोणी सांगितले आहे का, हे मला त्या इरादापत्रांच्या बातम्यांत कुठे आढळले नाही.

निराश व्हायला मात्र जागा नाही, कारण दुसरीकडे नावे हळूहळू सरकत आहेत. सोन्थायमर १९९२ साली गेले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या धनगरी ओव्यांपैकी दोन दीर्घ कथनांचे पुस्तक फेल्डहाउस यांनी २०१४ साली काढले, 'से टु द सन, डोन्ट राइज, अँड टु द मून, डोन्ट सेट'. त्याच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावासोबत रामदास आटकर आणि राजाराम झगडे ही नावे आहेत. ऋणनिर्देशाच्या ओळीतून मुखपृष्ठावर यायला मराठी नावांना किती वर्षे लागतात याचे गणित मी मांडत बसलो नाही, पण ते पुस्तक मी विकत घेतले. सहसा मी इतकी महागडी पुस्तके विकत घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवते. एका परदेशी विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी माणदेशातल्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्यांचे लिप्यंतर आणि प्राथमिक भाषांतर करण्याचे काम तिच्याकडे आले आहे. "सर, अकरा पानांचं संमतिपत्र आहे, सही करू का?" मी ते मागवून घेतले. माझ्या वेळी तोंडी बोलण्यावर सगळे चाले, त्या मानाने ही प्रगतीच. गाणाऱ्याला कोणत्याही क्षणी माघार घेता येईल, त्याची ओळख गुप्त राखली जाईल, सारे व्यवस्थित लिहिलेले होते. ओळख गुप्त राखण्याचे कलम तिने गाणाऱ्या एका आजोबांना वाचून दाखवले तेव्हा ते चिडले. ते म्हणाले, "आमी काय चोरी केलीया व्हय? माझं नाव, माझ्या गुरूचं नाव आन् गावाचं नाव घातल्याबिगर म्या तोंड उघडणार न्हाई." ओवीत शेवटी गुरूचे नाव घ्यायचे असते, हे अकरा पाने लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून तीन मागण्या लिहिल्या. एक, गाणाऱ्याची इच्छा असेल तिथे त्याचे नाव, तो सांगेल त्या रूपात, प्रत्येक ध्वनिमुद्रणावर असावे. दोन, ध्वनिमुद्रणांचा एक पूर्ण संच तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावा आणि तो ऐकायला गावकऱ्यांना कोणाची परवानगी लागू नये. तीन, जिथे भाषांतर तिचे आहे तिथे पुस्तकावर तिचे नाव भाषांतरकार म्हणून यावे. पत्राची भाषा मी मुद्दाम कोरडी ठेवली, ती मात्र 'आपल्या सहकार्याबद्दल' वगैरे घालायला निघाली होती. पहिल्या दोन मागण्या आठवड्यात मान्य झाल्या. ग्रंथालयासाठी एक संगणकही देऊ केला आहे. तिसरी त्यांच्या विधी विभागाकडे गेली आहे आणि तिथून अजून उत्तर आलेले नाही. तोवर तिने लिप्यंतर सुरू केले असून 'भाकणूक' या शब्दाला काय लिहू, असे परवाच विचारले आहे.